बैलगाडीच्या गाण्यांचा धनी

बैलगाडीच्या गाण्यांच्या कामात गुरुजींनी मला फसवलं. विषय माझा होता, सहाही गाणी माझी होती आणि रेडिओवर नाव त्यांचं लागलं. गावात आजही काही लोक म्हणतात, यात फसवणूक कसली, तुम्हीच तर देऊन टाकलं होतं. या लोकांनी आयुष्यात एक शेळीसुद्धा विकलेली नाही.

मी तिसगावचा, बैलांचा दलाल. शाळा चौथीपर्यंत. धंद्याची सुरुवात एका गाडीपासून केली, तीही दुसऱ्याची. त्या काळी आमच्या भागात तंबूतला सिनेमा फिरायचा. त्यांचं मशीन, खांब, कनाती आणि तिकिटांची पेटी या गावाहून त्या गावाला न्यायचं काम मी घेतलं, आणि घेतानाच अट घातली की खेळ फुकट बघणार. मालक म्हणाला, बघ, पण उभ्यानं. अशा रीतीनं तंबूच्या खांबाला टेकून मी एकेक चित्र पंधरा-पंधरा वेळा पाहिलं. पंधराव्या वेळेला माणूस नटीकडे बघत नाही. मी बैलांकडे बघायला लागलो.

जुन्या चित्रांत बैलगाडीवरचं गाणं हमखास असायचं. नायक हातात कासरा धरून मागे तोंड करून गायचा, नायिका कडब्यावर रुसून बसलेली असायची, आणि गाडी कुठे चालली आहे याची चिंता फक्त बैलांना असायची. एका गाण्यात पहिल्या कडव्याला डावीकडे पांढरा बैल होता आणि दुसऱ्या कडव्याला तांबडा. गाडी न थांबता बैल बदलणारा तो नायक मला आजवर बाजारात भेटलेला नाही. दुसऱ्या एका गाण्यातला उजवा बैल पुढच्या पायानं लंगडत होता. विरहानं नायिका रडत होती, तंबूतल्या बायका नायिकेसाठी रडत होत्या, आणि त्या बैलाची काळजी करणारा अख्ख्या तंबूत मी एकटा होतो.

पुढे धंदा वाढला, गाडी सुटली, बाजारात माझा शब्द चालू लागला. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी नगरला जाऊन ट्रान्झिस्टर घेतला. दुकानदाराशी इतका वेळ घासाघीस केली की शेवटी त्यानं चामड्याचं कव्हर वरून दिलं आणि पुन्हा दुकानात येऊ नका म्हणून हात जोडले. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन काढलं. तिथं मात्र घासाघीस चालत नाही असं कळलं. दर रविवारी सकाळी रेडिओ ओट्यावर मांडायचा, गल्लीला ऐकू जाईल इतका आवाज सोडायचा, आणि जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लावायचा.

त्या कार्यक्रमाची रीत अशी होती की दर आठवड्याला एक विषय असायचा आणि त्या विषयावरची सहा गाणी लागायची. विषय सुचवायचा श्रोत्यांनी, कार्डावर लिहून. ज्याचा विषय निवडला जाई त्याचं नाव आणि गाव निवेदिका बाई सुरुवातीलाच सांगायच्या. बाईंचा आवाज फार गोड होता. पण विषय कसले तर एका रविवारी चंद्र, एका रविवारी आरसा, एका रविवारी होडी. होडीच्या गाण्यांनी तर माझं डोकं फिरलं. आमच्या नदीतून होडी न्यायची तर ती डोक्यावर घेऊन चालावं लागलं असतं. होड्यांची सहा गाणी ऐकल्यावर मी ठरवलं की एक रविवार बैलगाडीचा झाला पाहिजे, आणि तो माझ्या नावावर झाला पाहिजे.

यात मला काय हवं होतं ते लपवत नाही. बाई प्रत्येक नावाआधी ‘श्री’ म्हणायच्या. मला बाजारात ‘ओ दलाल’ म्हणत, घरात ‘अवो’ म्हणत. लग्नपत्रिकेत ‘चि.’ छापलं होतं, त्यानंतर एकदम ‘कै.’ व्हायचीच वाट. मधला श्री मला कधी भेटलाच नव्हता. आणि तो मला सोनईला ऐकवायचा होता. सोनईला माझे सासरे राहत. उसाचे बागायतदार, डोक्याला कोशा फेटा, घरात माझ्याआधी पाच वर्षं रेडिओ. लग्न लावून दिलं, पण पाहुण्यारावळ्यांत माझी ओळख करून देताना म्हणायचे, “हे आमचे जावई, बैलांत असतात.” जणू काही रात्री मलाही दावणीला बांधतात. रविवारचा तो कार्यक्रम सासरे चुकवत नसत. त्यांच्या घरात, त्यांच्याच रेडिओतून, त्या बाईंच्या आवाजात माझं नाव श्रीसकट निघावं, एवढंच मला पाहिजे होतं.

अडचण कार्डाची होती. माझं अक्षर तेव्हा चालत्या बैलाच्या मुतासारखं वाकडंतिकडं. म्हणून मी गुरुजींना धरलं. गुरुजी आमच्या शाळेवर तिकडच्या डोंगरातल्या राजूरहून बदलून आलेले, शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे आणि दर रविवारी माझ्या ओट्यावर गाणी ऐकायला, चहा प्यायला येत. अक्षर मोत्यासारखं. तीन रविवार मी त्यांना गाणी सांगत गेलो, ते वहीत उतरवत गेले. नुसती गाणी नाही सांगितली, कोणत्या गाण्यात कसली जोडी आहे, कुणाची शिंगं कशी, कोण लंगडतो, कुठल्या कडव्याला बैल बदलतो, सगळं सांगितलं. गुरुजींना बैल आणि वळू यांतला फरक माहीत नव्हता. मी तोही सांगितला.

चौथ्या रविवारी कार्ड लिहायचं ठरलं. ओट्यावर मी, गुरुजी आणि समोरचा शिंपी होता. दारात आमची मंडळी गहू निवडत बसली होती. गुरुजींनी टोपण काढलं आणि म्हणाले, “विषय फार सुंदर आहे. असा विषय अजून कुणी दिलेला नाही. फक्त एक विनंती आहे. लिहिणारा मी, तेव्हा खाली दोघांची नावं असावीत. तुमचं आधी, माझं नंतर.”

आता इथं आमच्या धंद्याची रीत सांगायला हवी. जे जनावर आपल्याला हवं असतं त्याला आधी नावं ठेवायची असतात. दात बघून तोंड वाकडं करायचं, खुरं बघून हसायचं. आणि विकणारे आपण असलो अन् समोरचा भावावर अडून बसला, तर रागानं म्हणायचं, “मग फुकटच न्या की.” हे म्हणून उठायचं आणि आपलं जनावर घेऊन चालू लागायचं. दहा पावलं गेलं की मागून हाक येते. हाक आली की परत यायचं, उपरण्याखाली हात घालायचे, बोटं धरायची आणि खरा भाव तिथं ठरतो. हे सगळं दोन्हीकडच्या लोकांना माहीत असतं. फुकट न्या म्हटलं म्हणून कुणी जनावर खरंच सोडून नेलं, असं मी नगर जिल्ह्यात ऐकलेलं नव्हतं.

तेव्हा मी रीतीप्रमाणे सुरुवात केली.

“कसला सुंदर, गुरुजी. बैलगाडी म्हंजी काय विषय हाय व्हय? शहरातली माणसं हसतील.”

“हसणार नाहीत हो,” गुरुजी म्हणाले.

“हसतील. आन् त्यात दोन-दोन नावं कशाला? एक नाव लावायची लायकी न्हाई त्या विषयाची.”

“मग माझं नाव अगदी बारीक अक्षरात लिहितो.”

“बाई काय बारीक अक्षर बारीक आवाजात वाचनार हायेत?”

शिंपी हसला. मला वाटलं, सौदा रंगात आला. गुरुजींनी टोपण परत पेनाला लावलं आणि म्हणाले, “तुमचं मन नसेल तर राहू द्या. पण विषय वाया जाईल.”

हे ऐकून माझं डोकं तापलं. दुसऱ्या नावासाठी माणूस माझा विषय अडवून धरतो म्हणजे काय. मी उठलो, धोतर झटकलं आणि म्हणालो, “मग फुकटच न्या की. तुमचंच नाव घाला. माझं नावबी नको त्या कार्डात.”

आणि चालायला लागलो. समोर कडुनिंब होता, तिथपर्यंत गेलो. हाक आली नाही. उगीचच थांबून चप्पल झटकली. हाक आली नाही. मागे वळून बघणं शक्य नव्हतं. आमच्या धंद्यात पहिला वळतो तो हरतो. म्हणून मी तसाच पुढे बाजारतळापर्यंत गेलो, काही काम नसताना दोन बैलांचे दात तपासले आणि जेवायच्या वेळेला घरी आलो. तोवर गुरुजी गेले होते.

पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे आले. चहा घेतला. म्हणाले, “कार्ड टाकलं.” मी म्हणालो, “बरं.” नाव कुणाचं घातलं ते विचारलं नाही, कारण विचारणं म्हणजे वळणंच. आणि विचारायचं तरी काय? माणूस तीन वर्षं बाजाराच्या गावात राहतो, तर एवढं कळणारच. माझं नाव आधी, त्यांचं नंतर, हा सौदा न बोलता झाला, असं मी धरून चाललो. मनातल्या मनात त्यांचं दुसरं नाव मी मंजूरही करून टाकलं होतं.

महिना गेला आणि एका रविवारी कार्यक्रमाच्या शेवटी बाई म्हणाल्या, पुढच्या रविवारचा विषय आहे बैलगाडी. मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं सोनई गाठली. सासरे पडवीत बसले होते.

“मामा, येत्या रविवारी रेडिओ ऐका.”

“ऐकतोच की मी. का वं, जावईबापू?”

“माझं नाव येनार हाय.”

सासऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “कशात? बाजारभावात?”

“गाण्यांत. विषय मी दिलाय.”

“पूर्ण नाव?”

“पूर्ण. श्री लावून, वडलांच्या नावासकट.”

पानाचं तबक माझ्याकडे सरकवलं. मग आत बघून हाक मारली, “अगं, पाव्हण्यांना जेवल्याबिगर सोडू नका.” चौदा वर्षांत तो आग्रह त्यांनी स्वतःच्या तोंडानं पहिल्यांदा केला होता.

रविवार आला. ओटा भरला. शिंप्यानं मशीन बंद ठेवलं. मंडळींनी नवं लुगडं नेसून दारात पाट टाकला. गुरुजी माझ्या शेजारी बसले. बाईंनी नमस्कार सांगितला आणि म्हणाल्या, आजचा हा मातीतला विषय सुचवला आहे तिसगावहून श्री... आणि पुढे गुरुजींचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव. मग थांबल्या, आणि पहिलं गाणं लागलं.

शिंपी माझ्या कानाशी लागला. “तुमचं मागून येईल. मोठी नावं मागून घेत्यात.”

मी थांबलो. पहिलं गाणं संपलं, नाव नाही. दुसऱ्या गाण्याआधी बाईंनी कार्डातला मजकूर वाचून दाखवला, की या गाण्यात डावा बैल मधेच रंग बदलतो, हे आमच्या या जाणकार श्रोत्यांनी टिपलं आहे, आणि त्या हसल्या. ओट्यावरचे सगळे हसले. तिसरं, चौथं, पाचवं. लंगड्या बैलाचं गाणं सहावं होतं. बाई म्हणाल्या, ज्यांना मुक्या जनावराचं दुःख दिसतं, अशा संवेदनशील श्रोत्यांना आमचा नमस्कार. पुन्हा गुरुजींचं नाव. कार्यक्रम संपला. मी रेडिओ बंद केला तो असा की बटण हातात आलं. तो रेडिओ पुढे वीस वर्षं पकडीनं लावावा लागला.

“गुरुजी, हे काय केलंत?”

गुरुजी गडबडले. “तुम्हीच म्हणालात ना, माझंच नाव घाला म्हणून. तुमचं नावही नको म्हणालात. शिंपीमामा होते इथं.”

“म्हनालो. म्हनायचं असतं म्हनून म्हनालो.”

“म्हणायचं असतं म्हणून म्हटलेलं मला कसं कळणार? आमच्याकडे डोंगरात माणूस बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं.”

“मग तिकडं बाजार कसा भरतो?”

“लवकर उठतो,” गुरुजी म्हणाले.

शिंप्यानं तोंड फिरवलं. मी मंडळींकडे पाहिलं, तिनं तरी माझी बाजू घ्यावी म्हणून. ती नव्या लुगड्याच्या निऱ्या सावरत उठली आणि म्हणाली, “दावं तुमीच सोडलं, आन् आता खुंट्यावर चिडून काय करता?” आणि आत गेली.

चार दिवसांनी सोनईहून कार्ड आलं. सासऱ्यांनी लिहिलं होतं, कार्यक्रम ऐकला, गाणी उत्तम, तुमचं नाव काही ऐकू आलं नाही, बहुधा आमच्या रेडिओत दोष असावा. तुमच्या गावात बैलांतले एक जाणकार गृहस्थ आहेत असं समजलं. त्यांची ओळख ठेवा, धंद्यात उपयोगी पडेल.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलंही असतं. पण रेडिओवर जाणकार म्हटलेला माणूस गाव मोकळा सोडत नाही. पोळा आला. दरवर्षी पोळ्याला गावातली उत्तम जोडी निवडून मानाचा नारळ द्यायची पद्धत, आणि ती जोडी दरवर्षी मी निवडायचो. त्या वर्षी पंचांनी परस्पर गुरुजींना सांगितलं. गुरुजी नको नको म्हणाले, हे मी कबूल करतो. मग त्यांनी हो म्हटलं, हेही कबूल करायला हवं. सासरे त्या जाणकार गृहस्थांना भेटायला म्हणून मुद्दाम सोनईहून आले होते. चौदा वर्षांत पोळ्याला माझ्या घरी पहिल्यांदा.

गुरुजी एकेका जोडीपुढून फिरले. माझ्याकडून शिकलेले शब्द बोलत होते, शिंगं, खुरं, खांदा. शेवटी त्यांनी नारळ ठेवला तो मळ्यातल्या एका शेतकऱ्याच्या पांढऱ्या जोडीपुढे. जोडी दिसायला देखणी होती. शिंगांना बेगड, अंगावर झूल. पण त्यातला उजवा बैल नांगराला जुंपला की दोन तासांत मातीत बसायचा आणि मग देव आला तरी उठायचा नाही. ही गोष्ट तिसगावात दोनच माणसांना ठाऊक होती. एक तो शेतकरी, त्यानं लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं. दुसरा मी, कारण तो बैल निर्दोष म्हणून मीच त्याच्या गळ्यात बांधला होता.

सासरे पुढे झाले. “गुरुजींची नजर म्हंजी नजर. ही जोडी मला पायजे.”

पोळ्याच्या दिवशी बैलाचा व्यवहार करत नाहीत. माझ्या हातात एक रात्र होती. सांगावं तर माझा धंदा बुडतो, न सांगावं तर सासरा. जेवताना मी एवढंच म्हणालो, “मामा, त्या जोडीत काय राम न्हाई. शिंगं उगीच रंगवल्यात. तुमच्या दारात शोभायची न्हाई.”

सासरे हसले. “जावईबापू, नावं ठिवलीत म्हंजी तुमालाच पायजे असंल. आमाला बी थोडा बाजार कळतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपरण्याखाली बोटं धरली आणि जोडी घेऊन गेले. रब्बीच्या पेरणीच्या दिवसांत निरोप आला, बैल शेतात बसला आहे. सासरे स्वतः आले. मी त्यांना गुरुजींच्या खोलीकडे नेऊ लागलो, तर उंबऱ्यातच थांबले.

“त्यांच्याकडं कशाला? त्यो गाण्यातला मानूस. बैलांत तुमी असता.”

म्हणजे हिशेब असा झाला. बैलगाडीची गाणी गुरुजींची आणि गाडीचा बैल माझा. श्री त्यांच्याकडे गेला आणि बसलेला बैल माझ्या दारात बांधला गेला, तो मी मुकाट्यानं परत घेतला, आणि तो मुळात कुणी विकला होता हे त्यावरून गावानं ओळखलं.

गुरुजींची पुढे बदली झाली. आता ते राजूरलाच असतात असं ऐकतो. जाताना माझ्या पाया पडायला वाकले, मी पाय मागे घेतला. हे सगळं मी आज स्वतःच्या हातानं लिहितो आहे, कुणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. एकदा पुरे झालं.

लोक म्हणतात, विषयाला नावं तूच ठेवलीस, तूच दिलंस, बैलही तूच विकला होतास. मान्य. या तिन्हींचा जाब मी देईन. पण एका गोष्टीचा जाब गुरुजींनी दिला पाहिजे, तोही सगळ्यांसमोर, ज्या ओट्यावर त्यांनी चार वर्षं माझा चहा प्याला त्याच ओट्यावर. मला हा विषय किती हवा होता ते त्यांना ठाऊक होतं. तीन रविवार माझं तोंड त्यांनी समोरून पाहिलं होतं. गुरुजी, मी कडुनिंबापाशी थांबून चप्पल झटकत होतो, तेव्हा तुम्ही एक हाक का मारली नाही?